हाँसजारूचे व्याकरण : सुकुमार राय यांची लहरी चित्रसृष्टी

एलिमेंटरी ग्रेड परीक्षेच्या तयारीचे दिवस होते. स्मरणचित्राचा सराव चालू असता सहावीतील एका विद्यार्थ्याने कागदाच्या कोपऱ्यात, दिलेल्या विषयाशी कसलाही संबंध नसलेला एक प्राणी काढला. तोंड आणि कान सशाचे, पाठीवर साळिंदराचे काटे. आम्ही नेहमीच्या सवयीने त्याच्यापुढे खोडरबर ठेवला आणि "असा प्राणी कधी असतो का?" असे विचारले. मुलाने निमूटपणे तो पुसून टाकला. कागदावर उरलेला मळकट डाग आम्ही त्याच दिवशी विसरलो असतो. परंतु पुढे काही महिन्यांनी एका स्नेह्यांनी कोलकात्याहून 'आबोल ताबोल' हे बंगाली पुस्तक आणून दिले आणि त्यात, शंभर वर्षांपूर्वी छापलेला, त्या पुसलेल्या प्राण्याचा सख्खा भाऊबंद आमच्याकडे पाहत उभा असलेला दिसला. बदकाचे शरीर आणि साळिंदराचे काटे असलेल्या या प्राण्याचे नाव हाँसजारू. त्याचे जनक सुकुमार राय. शाळेच्या स्मरणिकेत या चित्रकाराविषयी लिहिण्याचे कारण तो डाग हेच आहे.

सुकुमार राय हे नाव महाराष्ट्रात बहुधा चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचे वडील म्हणून ठाऊक असते. बंगालमध्ये ओळखीचा क्रम उलटा आहे; तेथील मूल आधी 'आबोल ताबोल' तोंडपाठ करते आणि चित्रपट नंतर पाहते. ३० ऑक्टोबर १८८७ रोजी सुकुमारांचा जन्म झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि त्याहून विशेष म्हणजे मुद्रणतज्ज्ञ होते. छायाचित्रातील करड्या छटा बारीक-मोठ्या ठिपक्यांत फोडून त्या कागदावर उतरवणाऱ्या हाफटोन पद्धतीवर त्यांनी स्वतः प्रयोग केले आणि त्याविषयीचे त्यांचे लेख लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात प्रसिद्ध झाले. मुलगाही त्याच वाटेने गेला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र घेऊन तो पदवीधर झाला, १९११ साली शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला आणि लंडन व मँचेस्टर येथे ब्लॉक तयार करण्याची विद्या व शिलामुद्रण शिकून १९१३ साली परतला. त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले होते. डिसेंबर १९१५ मध्ये वडील वारले आणि मासिकाचा सर्व भार सुकुमारांवर आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सुकुमार कोणत्याही कलाशाळेत चित्रकला शिकले नव्हते. त्यांनी जे शिक्षण घेतले ते प्रकाश, भिंग, आम्ल आणि जस्ताचा पत्रा यांचे होते. कोणती रेघ ब्लॉकमध्ये नीट उतरेल, कोणती आम्लात विरघळून जाईल, कोणती शाई कागदावर पसरेल, हे जाणणारा माणूस हातात टाक घेतो तेव्हा त्याच्या रेघेत गुळगुळीत सौंदर्य नसले तरी एक प्रकारचा ठामपणा येतो. सुकुमारांची रेघ तशी आहे. शरीररचनेच्या चुका दाखवू पाहणाऱ्यास त्या अवश्य सापडतील. संकोच मात्र कोठेही सापडणार नाही.

त्यांच्या लहरीपणाची पहिली खूण कॉलेजच्या दिवसांतच दिसते. त्यांनी मित्र व भावंडे जमवून एक 'नॉनसेन्स क्लब' काढला आणि त्याचे हस्तलिखित मासिक चालवले. त्याचे नाव 'साडेबत्तीस भाजा'. कोलकात्याच्या रस्त्यावर फेरीवाले विकत असलेल्या एका चटकदार मिश्रणाचे हे नाव. बत्तीस प्रकारचे भाजके-तळके जिन्नस आणि वर अर्धी मिरची, असा त्याचा हिशेब. आमच्याकडील भेळवाल्याने इतकी काटेकोर मोजदाद केल्याचे ऐकिवात नाही. पण सुकुमारांच्या विनोदाचे मर्म त्या अर्ध्या मिरचीत आहे असे आम्हांला वाटते. बत्तीस म्हणणे ही साधी गोष्ट. साडेबत्तीस म्हणणाऱ्याने कुठेतरी बसून खरोखरच मोजलेले असते.

आता हाँसजारूकडे वळू. तो ज्या कवितेत येतो तिचे नाव 'खिचुडी', म्हणजे आपली खिचडी. बंगालीत हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर. व्याकरण आपण मानत नाही असे कवी आरंभीच बजावतो, आणि मग जे करतो ते मात्र अस्सल व्याकरणाचे काम आहे. हाँस या शब्दाच्या शेवटी 'स' आहे आणि सजारूच्या आरंभीही 'स' आहे. त्या एका समाईक अक्षरावर दोन्ही प्राणी येऊन मिळतात. बक आणि कच्छप मिळून बकच्छप. येथे 'क' समाईक. हाती म्हणजे हत्ती आणि तिमी म्हणजे देवमासा मिळून हातिमी. सिंह आणि हरीण मिळून सिंहरीण, ज्यायोगे आजवर शिंगांवाचून हळहळणाऱ्या सिंहाला शिंगे मिळतात. आमच्या विद्यार्थ्यांना संधिप्रकरणाचा धसका असतो. त्यांनी या कवितेकडे अवश्य पाहावे. विद्या आणि आलय यांचे विद्यालय होताना दोन 'आ' एकमेकांत मुरतात, तसेच येथे होते. फरक इतकाच की मुरल्यावर जे उरते त्याला पाय फुटतात.

मात्र कोणतेही दोन प्राणी धरून असे जोडता येत नाहीत. मराठीत बदक आणि साळिंदर एकत्र बांधून पाहा; काहीच जन्माला येत नाही, कारण दोघांमध्ये दार नाही. म्हणूनच 'आबोल ताबोल'चे भाषांतर करणाऱ्याला शब्द पोहोचवून भागत नाही, त्याला आपल्या भाषेत नव्याने दारे शोधावी लागतात.

नावातील जोड कानाला ऐकू येते; चित्रातील जोड डोळ्यांना दिसावी लागते, आणि दिसूनही खुपता कामा नये. काटे कोठून सुरू व्हावेत? कवचातून बगळ्याची मान कोणत्या बाजूने बाहेर यावी? या प्रश्नांची उत्तरे दोन्ही प्राण्यांना जवळून पाहिलेला माणूसच देऊ शकतो. इंग्लंडमधील नॉनसेन्स कवितेचा आद्य पुरुष एडवर्ड लिअर हाही प्रथम पोपटांची शास्त्रशुद्ध चित्रे काढणारा चित्रकार होता, हे येथे आठवते. (हाच लिअर १८७३ साली मुंबईत उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थानात चित्रे काढत हिंडला, पण तो विषय निराळा.) सुकुमारांनीही 'संदेश'मध्ये मुलांसाठी प्राणी, यंत्रे आणि शोध यांविषयी पुष्कळ माहितीपर लेख लिहिले. ज्या हाताने खरे प्राणी समजावून सांगितले त्याच हाताने हातिमी काढला. हातिमीची दैना तर पाहण्यासारखी आहे: त्यातील देवमाशाला पाण्यात जायचे असते आणि हत्तीला रानात. प्राणी विनोदी आहे, त्याची अडचण मात्र पूर्ण खरी आहे.

सुकुमारांच्या या सर्व प्राण्यांचा आणि माणसांचा आम्हांला जाणवलेला विशेष म्हणजे त्यांचे गंभीर चेहरे. कोणीही वाचकाकडे पाहून डोळा मिचकावत नाही. 'हुकोमुखो हँगला' नावाचा प्राणी दोन शेपट्या घेऊन अत्यंत दुःखी बसलेला असतो. त्याच्या दुःखाचे कारण असे: माशी उजवीकडे बसली तर उजव्या शेपटीने मारावी, डावीकडे बसली तर डाव्या शेपटीने, पण ती मध्यभागी बसली तर कोणत्या शेपटीने मारावी? मुले या प्रश्नावर हसतात. आम्ही काही वर्षे समित्यांच्या बैठकांना बसलेलो असल्याने आम्हांला हसण्याआधी थोडे थांबावे लागले.

चंडीदासाच्या काकांचे यंत्र हे असेच एक गंभीर चित्र. हे यंत्र अंगावर चढवायचे. त्याच्या पुढे निघालेल्या भागाला, तोंडापासून जरा दूर, आवडीचे खाद्य टांगायचे. खाद्याच्या ओढीने माणूस पुढे धावतो, खाद्यही तितकेच पुढे सरकते, आणि पाच तासांची वाट दीड तासात सरते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने यात इंधन म्हणजे भूक. चित्रकार या शोधाची टवाळी करीत नाही. एखाद्या नव्या पंपाचे चित्र छापावे तितक्या आदराने तो ते छापतो. वार्षिक परीक्षेच्या आधी आमच्या अभ्यासिकेत जे दिसते ते या चित्राहून फार वेगळे नाही, हे कबूल केले पाहिजे.

या लहरीपणाच्या आड त्या काळचे कोलकाता उभे आहे. हेड ऑफिसातील बडेबाबू एका दुपारी दचकून उठतात आणि आपली मिशी चोरीला गेली असे ओरडू लागतात. मिशी जागच्या जागी असते. आरसा दाखवला तरी ती आपली नव्हे असे ते सांगतात. साहेबाच्या कचेरीत जन्म घालवलेल्या कारकुनाला स्वतःच्या चेहऱ्याची ओळख पटेनाशी व्हावी, यात किती गंमत आणि किती खेद आहे, हे ज्याने त्याने ठरवावे. ट्यांश गाय ही गाय नसून वास्तविक पक्षी आहे. तीही कचेरीतच आढळते आणि साबणाचे सूप व मेणबत्त्या यांवर जगते. साहेबी थाटाचे अनुकरण करता करता आपले अन्न विसरलेल्या वर्गाकडे हा रोख आहे. 'एकुशे आइन' या कवितेत तर शिवशंकराच्या आपल्या देशातील कायदे सांगितले आहेत: पाय घसरून कोणी पडला तर शिपाई येऊन पकडतो आणि काजीच्या दरबारात एकवीस रुपये दंड होतो, संध्याकाळी सहाच्या आत शिंकायचे असेल तर तिकीट काढावे लागते. कवितेत कोणाचेही नाव घेतलेले नाही. ज्या सरकारच्या राज्यात ही कविता छापली गेली त्याने यावर खटला भरला असता तर न्यायालयात शिंक आणि घसरण यांवर युक्तिवाद करावा लागला असता.

तथापि प्रत्येक चित्राला असा अर्थ शोधत बसणे हेही बरे नव्हे. बोंबागडचा राजा तळलेली आंबापोळी चित्राच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगतो आणि राणी डोक्याला उशी बांधून हिंडते. यामागे राजकारण आहे काय? आमच्या मते नाही. आंबापोळी चौकटीत शोभून दिसेल, एवढाच विचार यात आहे, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

स्वतः सुकुमारांनी पुस्तकाच्या आरंभी एक छोटी 'कैफियत' दिली आहे. हा शब्द मराठीतही आहे, आणि बखरी-दप्तरे चाळणाऱ्यांना तो चांगला परिचित आहे. त्या कैफियतीचा आशय असा की, हे पुस्तक 'खेयाल रसा'चे आहे. ज्यांना त्या रसाची गोडी नाही त्यांच्यासाठी ते लिहिलेले नाही. शृंगार, वीर, करुण इत्यादी नऊ रस आपण पाठ करतो. सुकुमारांनी कसलाही गाजावाजा न करता त्यांच्या पंक्तीला दहावे पान मांडले. खेयाल म्हणजे लहर. मराठीत ख्याल म्हटले की आधी गाणे आठवते, आणि ते येथे उपयोगीच पडते. ख्याल गाणारा गवई मनास येईल तसा स्वरविस्तार करतो, पण तो राग सोडत नाही आणि समेवर यायला चुकत नाही. हाँसजारू समाईक 'स' वर येतो तो तसाच.

हसण्याविषयी मात्र सुकुमारांचे एक चित्र आम्हांला अस्वस्थ करते. रामगरुडाची पिले हसत नाहीत. हसण्यास त्यांना मनाई आहे. कोठे कोणी हसत तर नाही ना, या भीतीने ती सदैव कान टवकारून असतात. त्यांच्या घरट्यात हसणे बंद. निवासी शाळेत घंटा असते, रांग असते, शांततेचे तास असतात; ते असावेच लागतात. तरीही वसतिगृहाच्या फेरीवर असताना दिवे मालवल्यानंतरची खसखस ऐकून आपल्या चेहऱ्यावर कोणता भाव येतो, हे हे चित्र पाहिल्यापासून आम्ही तपासून पाहू लागलो आहोत.

या पुस्तकाची जन्मकथा ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सर्व कोणा सुखवस्तू, निश्चिंत माणसाने फावल्या वेळात केलेले वाटेल. वस्तुस्थिती अशी की १९२१ साली, मुलगा सत्यजित याच्या जन्माच्या वर्षीच, सुकुमारांना कालाआजार जडला. या रोगावरील युरिया स्टिबामाइन हे औषध त्याच कोलकात्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी याच सुमारास शोधून काढले होते. पण ते सर्वांपर्यंत पोहोचण्यास अवकाश होता. दोन-अडीच वर्षे ताप, अशक्तपणा आणि अंथरूण. त्या अंथरुणावर 'संदेश'साठी लेखन चालू राहिले. जुन्या कवितांची निवड झाली, काही नव्या लिहिल्या गेल्या, चित्रे निघाली, मुखपृष्ठ रंगले. पुस्तकाच्या पानांची पूर्ण मांडणी, कोणत्या पानावर कोणते चित्र आणि उरलेल्या जागेत कोणती छोटी कविता, ही सारी त्यांनी स्वतः तयार केली. मुद्रकाचा मुलगा होता तो. पानावरची रिकामी जागा त्याला चैन पडू देत नसावी. रवींद्रनाथ ठाकूर भेटीस आले, तेव्हा सुकुमारांच्या विनंतीवरून त्यांनी रुग्णशय्येजवळ बसून गाणी म्हटली.

पुस्तकातील अखेरची कविता याच दिवसांतली. तिच्यात नेहमीचीच लहर आहे, नेहमीचेच अशक्य चमत्कार आहेत आणि शेवटी झोपेची चाहूल आहे. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमार राय निवर्तले. वय अवघे पस्तीस. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, 'आबोल ताबोल' छापून बाहेर पडले.

हे सारे आम्ही गेल्या वर्षी चित्रकलेच्या चार तासांत मुलांना सांगितले आणि मग दोन नियम घालून दिले. पहिला नियम असा की, जोडायच्या दोन प्राण्यांच्या नावांत अक्षर समाईक असले पाहिजे. दुसरा नियम, दोन्ही प्राणी आधी वेगवेगळे, नीट पाहून काढायचे, जोडणी त्यानंतर. ग्रंथालयातील प्राण्यांची पुस्तके त्या आठवड्यात जितकी हाताळली गेली तितकी एरवी वर्षभरातही जात नाहीत. पहिल्याच तासाला बदकासव आले. नंतर मगर आणि गरुड यांचे मगरुड. त्याच्या जबड्याला चोचीचे टोक द्यावे की नाही यावर दोन बाकांत तंटा झाला. एका मुलीने कासवटवाघूळ काढले आणि ते फांदीला उलटे टांगल्यावर कवच खाली येईल की वर, याचा शोध घेत ती संपूर्ण तास बसून राहिली. हत्ती आणि तितर यांचे हत्तितर मात्र कोणालाच उडवता आले नाही.

ज्या मुलाच्या हाती आम्ही खोडरबर दिला होता तो आता आठवीत आहे. तो मागच्या बाकावर होता. ससा आणि साळिंदर यांची नावे त्याने फळ्यावर लिहिली, मधला 'सा' एकदाच ठेवला आणि ससाळिंदर असे वाचून दाखवले. हे नाव केव्हा सुचले असे विचारता तो म्हणाला, "सर, तेव्हाच ठेवलं होतं. तुम्ही विचारलं नव्हतं."

त्याने प्राणी पुन्हा काढावयास घेतला. या खेपेस त्याला एक अडचण आली आणि कागद घेऊन तो आमच्याकडे आला. ससा भ्याला की कान पाठीवर पाडतो. साळिंदर भ्याले की पाठीवरचे काटे उभे करते. ससाळिंदर भ्याले तर कान ठेवायचे कोठे? आम्ही बराच वेळ त्या चित्राकडे पाहिले. उत्तर आम्हांला अद्याप सुचलेले नाही, आणि त्या प्राण्याचे कान त्याने अजून काढलेले नाहीत.